पेशकाराचे सोंग आणि माझे ते पत्र

तारखा आधी मांडतो, म्हणजे मागाहून कोणी मुदतीचा मुद्दा काढणार नाही.

पहिली तारीख ज्येष्ठातल्या एका सोमवारची. त्या सकाळी बिलोलीच्या स्टँडवर मी नांदेडच्या गाडीत बसलो आणि गाव सोडले. याला जबाबदार माझे वडील, कारण हट्टही त्यांचा आणि हिंमतही त्यांची. दुसरी तारीख त्यानंतर काही वर्षांनी आलेल्या माघी जत्रेच्या आधीच्या गुरुवारची. त्या दिवशी लातूरहून मी वडिलांना एक पत्र पाठवले आणि आजोबांपासून आमच्या घराकडे चालत आलेले पेशकाराचे सोंग त्या पत्राने बंद पडले. जबाबदार मी; दुसरे कोणीही नाही. तिसरी तारीख गेल्या दिवाळीच्या पाडव्याची. माझी नात रेवा म्हणाली, ते सोंग मी घेते. याला जबाबदार कोणाला धरावे हे अद्याप ठरलेले नाही. ठरले की त्या इसमाच्या पाया पडणार आहे. त्यापुढच्या तीन तारखा पोस्टाच्या पावत्यांवर आहेत. त्या तिन्ही दिवशी मी जत्रा समितीचे अध्यक्ष, म्हणजे माझे चुलत बंधू दिगंबर, यांना पत्रे पाठवली. तिन्हींची पोच मिळाली. उत्तर एकाचेही आले नाही. जबाबदार दिगंबर.

म्हणून हा मजकूर जाहीर लिहीत आहे. जे गावात राहिले त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे गाडीत बसले त्यांच्यासाठीही.

त्या सोमवारी वडील मला पोचवायला बिलोलीपर्यंत आले होते. वळकटी त्यांच्याच खांद्यावर होती. मी मॅट्रिक झालेला असल्याने ती मी उचलू नये, असे त्यांनी परस्पर ठरवले होते. मायने ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली होती. गाडी हलताना वडील खिडकीशी येऊन म्हणाले, "दर महिन्याला एक कार्ड टाक. लिवायला काई नसलं तरी टाक." त्यांना अक्षर वाचता येत नव्हते. माझी कार्डे ओट्यावर बसून दिगंबर त्यांना वाचून दाखवी. तो माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. मॅट्रिकला गणितात अडकून शेतीकडे वळलेला. आयुष्यभर मी जी हजारो पत्रे, अर्ज आणि तक्रारी लिहिल्या, त्यांचे मूळ त्या खिडकीशी आहे.

नांदेडने मला कॉलेज दिले, लातूरने न्यायालयातली कारकुनी दिली आणि पुढे शिरस्तेदार करून निवृत्त केले. लातूरच्या ज्या घरमालकिणीने पहिल्या खोलीसाठी माझ्याकडून ओळखीचा एक शब्दही मागितला नाही, तिचे उपकार मी विसरलेलो नाही. या दोन शहरांविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. माझ्यासारख्या माणसाने असे लिहावे यातच सर्व आले.

आता सोंगाविषयी, कारण गावाबाहेरच्या वाचकाला ते ठाऊक असण्याचे कारण नाही.

आमच्या गावच्या जत्रेत सोंगे घराला बांधलेली असत. कोणाकडे वासुदेवाचे, कोणाकडे वाघाचे, आमच्याकडे पेशकाराचे. पेशकार म्हणजे निजामाच्या वेळचा कचेरीतला अंमलदार, साहेबापुढे कागद वाचणारा. माझे वडील एरवी चार एकरांत राबणारे, मितभाषी गृहस्थ. पण माघी जत्रेत पालखी देवळात परतली की दुपार कलताना ते काळी शेरवानी आणि रुमी टोपी घालून लिंबाच्या पारावर बसत आणि पालथ्या उखळाचे मेज करून कचेरी भरवत. बोलणे सगळे दखनीत, म्हणजे निजामी मुलखातल्या उर्दूत. गावातल्या कोणालाही तिथे हाक मारली जाई, आणि ज्याला हाक येई त्याला सर्वांसमोर उभे राहून उत्तर द्यावेच लागे.

"पाटील कू बुलाव जी!" वडील म्हणत. पाटील उठत. "बांध कू पाँव कैसे फुटे, उनों बोलना."

"हुजूर, बांध न्हाई सरकला. माझी बैलं डोळ्यानं अधू हायत."

"बैल अधू, तो नांगर के मूठ पे किसका हाथ था जी?"

लोक हसून लोळत. पाटीलही हसत, मग हसता हसता थांबत आणि म्हणत, "माझाच, हुजूर." शिक्षा ठरलेली. जत्रेत सर्वांना फुटाणे वाटायचे आणि गुढीपाडव्याच्या आत बांध होता तिथे न्यायचा. एकदा पारावर मिटलेली गोष्ट मग वर्षभर कोणी काढायची नाही, हा नियम. शेवटी पेशकाराला स्वतःची टोपी काढून उभे राहावे लागे आणि त्याला कोणीही सवाल करू शके. एका वर्षी माझी मायच बायकांतून उठली. "हुजूर, घरातली लोणच्याची बरणी कोनं रिती केली?" वडिलांची दखनी तिथे संपली. "आता घरी चल, सांगतो," एवढेच त्यांना मराठीत सुचले, आणि त्यांनाही फुटाणे वाटावे लागले.

लहानपणी मी या कचेरीच्या पुढच्या रांगेत बसत असे. नांदेडला गेल्यावर मला ती गावंढळ वाटू लागली. कॉलेजातल्या मित्रांमुळे नाट्यसंगीताचा नाद लागला, आणि लातूरला पहिल्या पगारांतून बाजूला काढून मी टेपरेकॉर्डर घेतला. वडील एकदा लातूरला आले असताना त्यांना मी गाण्याच्या बैठकीला नेले. ते गुडघे जवळ घेऊन, अत्यंत अदबीने, तीन तास बसले. बाहेर आल्यावर मी विचारले, आवडले का? ते म्हणाले, "गळा लई गोड हाय बाईचा. पर एवढी मान्सं गप बसून होती, कुनी मेलं होतं का?" माझ्या शेजारी माझे वरिष्ठ उभे होते. मला जमिनीत गडप व्हावेसे वाटले. आज असे वाटते की त्या संध्याकाळी त्या सभागृहात करमणुकीविषयी काही मूलभूत प्रश्न विचारणारा तो एकटाच माणूस होता.

पुढच्याच वर्षी न्यायालयात चहाच्या वेळी एक सहकारी म्हणाला, "तुमच्या वडिलांचं न्यायालय आपल्यापेक्षा लवकर निकाल देतं म्हणे!" त्याची सासुरवाडी आमच्या शेजारच्या गावची. सगळे हसले, त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हते. मी मात्र त्याच संध्याकाळी वडिलांना पत्र लिहिले. त्यातली वाक्ये मला आजही पाठ आहेत. मुलगा न्यायालयीन सेवेत असताना पित्याने न्यायासनाची नक्कल करणे हा न्यायालयाचा अवमान ठरू शकतो. मुलाची नोकरी धोक्यात येऊ शकते. चारचौघांत प्रतिष्ठित माणसांना नावे ठेवणे ही करमणूक नव्हे.

यातले पहिले वाक्य खोटे होते आणि ते लिहिताना मला ठाऊक होते. लिंबाखाली फुटाण्यांची शिक्षा ठोठावणाऱ्या शेतकऱ्याला कोणतेही कलम लागत नाही. जे कलम लागत नव्हते, ते मी एका निरक्षर माणसाला भिववण्यासाठी वापरले, आणि तो माणूस माझा बाप होता.

पत्र दिगंबरने वाचले. पुढे काय झाले ते मला बराच काळ कोणी सांगितले नाही. त्या जत्रेत पार रिकामा राहिला एवढेच कळले. मला समाधान वाटले. हेही नोंदवून ठेवतो.

त्यानंतरच्या संक्रांतीला गावी गेलो तेव्हा सकाळच्या गारठ्यात वडील हरभऱ्याला पाणी देत होते. अंगात ती काळी शेरवानी होती. खालची दोन बटणे गेलेली, बाह्या कोपरापर्यंत चिखलाने माखलेल्या. बांधावर उभी असलेली माय म्हणाली, "कोट वाया जाऊ नाई म्हनं. थंडीला बरा पडतो म्हनं." मग त्यांनी मला शेतातला ऊस सोलून दिला, लातूरच्या पाण्याची चौकशी केली, आणि माझ्या नोकरीवर आता संकट नाही ना, असे दोनदा विचारले. त्या बाबतीत ते मरेपर्यंत मला एक अक्षर बोलले नाहीत. माझ्या प्रत्येक कार्डाची वाट मात्र पूर्वीसारखीच पाहिली. एवढी मोठी क्षमा मी पुढे न्यायालयातल्या कोणत्याही दप्तरात पाहिली नाही.

उलट जे पाहिले ते सांगतो. बांधाचे दावे पाहिले. बापाने लावलेला दावा नातवाने चालवलेला पाहिला. दोन भाऊ एकाच बाकावर, मधे एक पिशवी ठेवून, एकमेकांकडे न बघता वर्षानुवर्षे तारखेला बसलेले पाहिले. त्यांची नावे पुकारताना कधीकधी मनात येई की यांना लिंबाखाली न्यावे, आणि एकाने दुसऱ्याला हसवावे. पण तेव्हा पार रिकामा होता आणि तो मीच केलेला होता.

आता माझ्या घराकडे येतो. माझा मुलगा शिरीष लातुरात एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. त्याला माझे नाट्यसंगीत नको. तो जेवताना मोबाइलवर क्रिकेट पाहतो. रेवा नांदेडला फार्मसी शिकते. तिच्या कानांत सतत इयरफोन असतात आणि त्यांतून जे झिरपते त्याला मी अनेक वर्षे ध्वनिप्रदूषण समजत होतो. टीव्हीच्या आवाजाबाबत मी फ्रिजवर लेखी सूचना लावल्या आहेत. केबलवाल्यास पाच पत्रे लिहिली आहेत. पुढच्या पिढीची अभिरुची मागच्या पिढीशी जुळत नाही याचा माझ्याइतका कागदोपत्री पुरावा कोणाकडे नसेल.

पाडव्याच्या दुपारी रेवा मोबाइलवर काहीतरी पाहून पोट धरून हसत होती. मी डोकावलो. एक तरुण माईक हातात धरून, कोणा नावाजलेल्या माणसाची टर उडवत होता. माझा पारा चढला. मी म्हणालो, "चारचौघांत माणसांना नावं ठेवणं ही करमणूक नव्हे!"

आणि मी जागच्या जागी थांबलो. वाक्य माझेच होते. दुसऱ्यांदा, दुसऱ्या पिढीला.

"काय झालं, आजोबा? गोळी घेतली का दुपारची?" रेवाने विचारले.

मग मी तिला सगळे सांगितले. पत्रासकट. शिरीषही मॅच बंद करून ऐकत बसला. आपल्या आजोबांचे हे सोंग त्यालाही मी कधी सांगितले नव्हते. रेवा प्रश्नांवर प्रश्न विचारत राहिली. मग पाटील काय म्हणाले? उखळच का? दखनी बोलून दाखवा ना. मी बोलून दाखवली. पन्नास वर्षे न उच्चारलेली वाक्ये माझ्या तोंडून वडिलांच्या हेलात येऊ लागली. शिरीष म्हणाला, "बाबा, तुम्हाला हे येतं?" मला येत होते. शिरस्तेदाराच्या आवाजाखाली ते आयुष्यभर अंग चोरून बसलेले होते.

मी रेवाला म्हणालो, तुझ्या त्या मोबाइलवाल्यासारखेच वाटले म्हणून तुला आवडले असेल. ती म्हणाली, "नाही, आजोबा. हा ज्याची टिंगल करतो तो तिथे नसतोच. तुमच्याकडे तो समोर उभा असतो आणि त्याला बोलू देतात. शेवटी पेशकारालाही उभं करतात. हे कुठे बघायला मिळतं?" नैसर्गिक न्यायाचे तत्त्व माझ्या नातीने मला असे शिकवले, मी ते चाळीस वर्षे टंकलिखित करत होतो. पुढचे वाक्य तिचे: "ते सोंग मी घेते."

आम्ही दोघे गावी गेलो. दिगंबरच्या ओट्यावर चहा झाला. येथे स्पष्ट करतो की दिगंबरविषयी माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज काही नाही. माझ्या आईवडिलांच्या म्हातारपणी रात्रंदिवस धावला तो. मी कार्डे पाठवत होतो, तो औषधे आणत होता. आज मला गावी जाऊन टेकायला ओटा आहे, तो त्याने तिथे राहून राखला म्हणून आहे. जे गाव सोडत नाहीत त्यांच्या जिवावर सोडून गेलेल्यांना गाव असते, ही गोष्ट आपण शहरातली माणसे कबूल करत नाही. मी करतो.

रेवाचे म्हणणे ऐकून तो हसला. "आगं माय, आता आर्केस्ट्रा ठरवून राहिलो आमी. पोट्ट्यायला नाचायला पाहिजे. अन् कुनाचं नाव घेतलं की आजकाल थेट केसच करतेत."

"जत्रेत दोन्ही होऊ द्या ना, दिगंबर आजोबा," रेवा म्हणाली. "आम्हालाही नाचायला आवडतं."

"अन् पाटलाच्या नातवाला तू पोरीनं उभं करनार?"

"का? तो बसून उत्तर देणारे का?"

दिगंबरला ठसका लागला. चहा सांडला. मग तो माझ्याकडे वळला आणि त्याचा चेहरा बदलला. "दादा, खरं सांगू? सोंग तुमीच बंद केलं. चिठ्ठी मीच वाचली होती. काकानं नौकरीचं वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग म्हनले, पोराची नौकरी हाय बाबा, नौकरीपुढं सोंग काय घेऊन बसायचं? अन् मला म्हनले, ही चिठ्ठी कुनाला सांगू नको. लोकं पोराला नावं ठिवतील. मी सांगितली न्हाई. आजवर कुनालाच न्हाई."

म्हणजे माझी अब्रू राखण्यासाठी त्या माणसाने सबंध गावाला असे समजू दिले की, आपल्यालाच सोंगाचा कंटाळा आला. आणि दिगंबरने ते पन्नास वर्षे पाळले. रेवाने माझ्या हातातली बशी काढून घेतली.

निघताना दिगंबर म्हणाला, "समितीत मांडतो." त्याला आता तीन महिने झाले. समितीतल्या इतरांकडून कानावर आलेली कारणे अशी: वहिवाट खंडित झाली, घर गाव सोडून गेले, सोंग आजवर मुलीने घेतलेले नाही. उत्तरे देतो. वहिवाट खंडित झाली ती एका खोट्या धमकीने, आणि धमकीने सोडलेला हक्क सोडला असे होत नाही. घर गाव सोडून गेलेले नाही, मी गेलो. आणि तिसऱ्याबद्दल, लोणच्याच्या बरणीचा सवाल करून पेशकाराला निरुत्तर करणारी व्यक्ती कोण होती, हे गावातल्या जुन्या माणसांनी आठवून पाहावे.

लोक मला विचारतात, तुमचे घर कोणते, लातूरचे की गावचे. लातूरमध्ये माझ्या नावाची पाटी आहे आणि मी तिथे सुखी आहे. पन्नास वर्षांत त्या शहराने मला खूप दिले आणि एकही अवघड प्रश्न विचारला नाही. घर म्हणजे मला आता एवढेच वाटते: जिथल्या माणसांना मला चारचौघांत जाब विचारण्याचा अधिकार आहे, ती जागा. माझी जागा एकच आहे आणि ती बिलोली तालुक्यात आहे. माझ्या नातीला तिथे उभे राहायचे आहे. नाट्यसंगीत तिने ऐकले नाही तरी चालेल. माझी अभिरुची तिच्यात उतरली नाही, ज्याला मी गप्प केले त्याची उतरली, आणि याबद्दल मी ज्याचे आभार मानावेत तो कोण, हे मला कळत नाही.

तेव्हा मागणी लेखी नोंदवतो. या माघी जत्रेत पेशकाराची कचेरी भरावी आणि पेशकार म्हणून रेवा बसावी. पाटलांच्या नातवाला घाई नाही. पहिले नाव माझे पुकारावे. खोटे कलम दाखवून स्वतःच्या बापाचे सोंग बंद पाडल्याचा आरोप माझ्यावर ठेवावा. मी वकील देणार नाही. मुदत मागणार नाही.

आणि दिगंबर, तू आजवर माझ्यासाठी एक गोष्ट लपवलीस. ती वर मी स्वतः छापून टाकली आहे. आता तुझ्यावर कसलेही ओझे नाही. म्हणून उत्तर मला टपालाने नको, फोनवर नको, शिरीषच्या कानात नको. जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी, समितीच्या सर्व सभासदांसमोर, देवळाच्या पायरीवर उभा राहा आणि गावाला ऐकू जाईल असे सांग: पोरीला सोंग देतोस की नाही? नाही म्हणणार असशील, तर का, तेही सांग.